एक ओ बाकी

खाडीकाठच्या खारवळ्याच्या पोंक्ष्यांच्या थोरल्या पातीत, म्हणजे थोरल्या शाखेत, चंद्रभागाबाई होऊन गेल्या. त्यांच्या हाताखाली त्यांची सून कृष्णाबाई तयार झाली, कृष्णाबाईंच्या हाताखाली त्यांची सून सुनीती, आणि सुनीतीच्या पोटी मेधा जन्मली. त्या घरात दागिने सासूकडून सुनेकडे गेले, मेतकुटाचे प्रमाण गेले, आणि त्यांच्याबरोबर एक नियम आणि एक ऋण गेले. दागिने वाटण्यांत पांगले. मेतकूट आता दुकानात मिळते. नियम आणि ऋण मात्र जसेच्या तसे मेधाबरोबर समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात आले.

नियम साऱ्या खाडीकाठाचाच होता. दिवेलागणीच्या सुमारास बाहेरून कोणी हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही द्यायची नाही. तिसरी आली तर ते माणूस. जे माणूस नव्हे त्याला तिसरी हाक मारता येत नाही, अशी जुन्यांची खात्री होती.

ऋण मात्र त्या एकाच घराचे.

त्या वर्षी आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला चंद्रभागाबाई मागील दारी चिंचेने समया घाशीत बसल्या होत्या. त्यांची धाकटी जाऊ अन्नपूर्णा, आठ महिन्यांचे मूल पाळण्यात निजवून, सुटलेल्या वासराच्या मागावर खाडीच्या खाजणात, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या चिखलात, उतरली होती. अमावास्येचे उधाण होते. अंधारून येता येता खाडीकडून हाक आली, "जाऊबाईऽ!" चंद्रभागाबाईंचा हात थांबला. काही वेळाने दुसरी आली, पहिलीपेक्षा बारीक. चंद्रभागाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, आणि उंबऱ्याच्या आत उभ्या राहून त्या तिसरीची वाट पाहू लागल्या. तिसरी आली नाही. सकाळच्या ओहोटीला अन्नपूर्णा सापडली. छातीपर्यंत चिखलात होती आणि उभीच होती.

चंद्रभागाबाईंनी नियम सोडला नाही. नियम चूक म्हणावा, तर त्या मरणाचे माप आपल्याच पदरात पडते, हे न कळण्याइतकी ती बाई भोळी नव्हती. मात्र दर वर्षी त्या अवसेला दिवे लावून झाले की त्या उंबऱ्यात उभ्या राहत, खाडीकडे तोंड करीत, आणि भरल्या आवाजात एकदाच म्हणत, "ओऽ!" त्यांच्यामागे कृष्णाबाईंनी ते चालवले. सुनीतीबाई आज पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जात उभ्या राहून चालवतात. खाली रिक्षावाले वर बघतात, तर बघोत. "आपल्या घराकडे एक ओ बाकी आहे," असे त्या घरात म्हणत, आणि पोर चालू लागले की ओहोटीला खाजणात नेऊन त्याला शिकवीत: चिखलाने धरले तर उभे राहायचे नाही, आडवे व्हायचे.

पाळण्यातले ते मूल मोठे झाले. त्याने धाकट्या पातीला आपला एक नियम घालून दिला. तो म्हणाला, "त्या घराला आपण पुन्हा हाक मारायची नाही. एकदा मारून झाली आहे." तेव्हापासून धाकट्या पातीचे माणूस थोरल्यांच्या दारी आले, लग्नाचे आमंत्रण घेऊन येवो की मयताची बातमी घेऊन, ते दाराची साखळी वाजवी आणि मुकाट उभे राही.

---

मेधा भूलतज्ज्ञ झाली. शस्त्रक्रिया संपली की रुग्णाच्या कानाशी वाकून त्याला नावाने हाक मारायची आणि तो ओ देईपर्यंत जागचे हलायचे नाही, यात तिची पंचवीस वर्षे गेली. दुसऱ्याची ओ ऐकल्याखेरीज जिला घरी जाता येत नसे, ती स्वतः ओ देण्याच्या बाबतीत मात्र सुनीतीबाईंचीच लेक होती. संध्याकाळी रुग्णालयाच्या बोळात मागून कोणी हाक मारली, तर ती तिसऱ्यांदा वळे. तिला कमी ऐकू येते, असा तिथल्या नर्सांचा समज होता, आणि तो तिने कधी दुरुस्त केला नाही.

मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिनात ती राहायला आली, तेव्हा दोन गल्ल्या सोडून राहणारा दीनानाथ पोंक्षे हा धाकट्या पातीचा निघाला. आजोबा-पणजोबांची नावे एकमेकांना सांगताच दोघांनीही विषय बदलला होता. तो तिच्याहून सात वर्षांनी लहान, पुण्याहून संगणकाच्या नोकरीवर आलेला, बडबड्या आणि मायाळू माणूस. समोर आला की ताई, ताई करून जीव टाकी. पण पाठमोऱ्या मेधाला त्याने कधी हाक मारली नाही. दाराशी आला की बाहेरच्या जाळीच्या दाराची कडी खुळखुळवी.

"अरे, बेल आहे की दाराला!" मेधा म्हणे.

"बेल पाहुण्यांना. आमची पाती कडीवाली."

"आणि फोन का करत नाहीस कधी?"

"फोन म्हणजे हाक का, यावर आमच्याकडे अजून निकाल लागलेला नाही, ताई. तोवर मेसेज."

तो हसण्यावारी नेई, पण नियम पाळी. आणि तीही हसे, पण बेलची गोष्ट पुढे रेटत नसे.

डिस्क गोल्फचा नाद तिला त्यानेच लावला. खेळ साधा. गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी ताटलीएवढी चकती हाताने फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती लांबवरच्या लोखंडी टोपलीत घालायची. टोपलीवर साखळ्यांचा झुबका टांगलेला असतो. चकती त्यावर आदळते, साखळ्या खळखळतात आणि ती खाली टोपलीत पडते. मेधाच्या गुडघ्याला चालणे हवे होते आणि मनाला कोणाचे तरी ओ देणे ऐकावे न लागणारी एखादी दुपार. ती दर शनिवारी त्याच्याबरोबर जाऊ लागली.

---

त्या शनिवारी सुनीतीबाईंचा पुण्याहून सकाळीच फोन आला.

"आज अवस आहे. लक्षात आहे ना?"

"आहे, आई."

"आवाज बाहेरचा येतोय. कुठे निघालीस?"

"दीनानाथबरोबर. खेळायला."

"तो येतो तुझ्याकडे, त्याचं मला बरंच वाटतं. पण अवसेला, त्या पातीच्या माणसाबरोबर, पाण्याकाठी तिन्हीसांजा करू नकोस. आणि कुणी हाक मारली तर..."

"तिसरीला. माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं. पाळ म्हणजे झालं."

मैदान बॅलरॅटच्या पुढे, जुन्या सोन्याच्या खाणींच्या माळावर होते. दोन रात्री गारा पडल्या होत्या, वर दिवसभर बारीक पाऊस. सावलीतल्या गारा विरघळण्याऐवजी एकमेकींना धरून बसल्या होत्या, त्यांच्यावरून पाणी वाहत होते, आणि ते पाणीही संध्याकाळच्या ओढीने पुन्हा गोठू लागले होते. गाड्या लावण्याच्या जागेत दुसरी गाडी नव्हती. फाटकाशी पाटी होती: माळावर खाणींचे जुने खड्डे आणि गाळाची तळी आहेत, फळ्यांची वाट सोडू नये.

"परत फिरू या का रे?" मेधाने विचारले.

"एवढं पेट्रोल जाळून? चल ग. तुझ्यासाठी पायपुसणंसुद्धा आणलंय."

आणि खरोखरच त्याने मोटारीतून जाड रबरी पायपुसणे काढले. ज्या सिमेंटच्या ओट्यावरून चकती फेकायची, तो बर्फाने आरशासारखा झाला होता. तिथे हे अंथरून वर उभे राहायचे, फेकायचे, आणि गुंडाळून पुढच्या ओट्यावर न्यायचे. देवदर्शनाला आसन नेणाऱ्या म्हाताऱ्यासारखा तो ते काखोटीला मारून चालला.

पहिल्या काही टोपल्या हसण्यात गेल्या. मेधाची एक चकती बर्फावर पडली ती थांबेचना, घसरत घसरत थेट टोपलीच्या पायाशी गेली.

"ही फेक म्हणायची की घसरगुंडी?" दीनानाथ ओरडला. "मॅच रद्द! डॉक्टरीणबाईंनी चकतीला भूल दिलीय!"

"तुला द्यायला हवी होती. निदान तोंड मिटलं असतं."

पण हसू त्या माळावर फार लांब जात नव्हते. धुके उतरत होते. निलगिरीच्या उंच झाडांवरून पाणी टपटपत होते, आणि कुठेतरी वर एक काळा पक्षी बसला होता. इथल्या कावळ्याची जात. त्याला कावकाव येत नाही, तो तान्ह्या मुलासारखा लांबवून रडतो. रडे, थांबे, पुन्हा रडे. मेधाने दोनदा मान वर करून पाहिले. दिसला नाही. साखळ्यांवरही बर्फाची साल चढली होती. चकती आदळली की त्या खळखळत नव्हत्या, दाताखाली खडा यावा तशा करकरत होत्या.

शेवटून दुसऱ्या टोपलीशी दीनानाथ चकत्या पुसता पुसता म्हणाला, "आज काकू ओ देणार असतील ना?"

मेधा चपापली. दोघांत हा विषय उघडपणे कधी निघाला नव्हता.

"देणार. दिवे लावून झाले की."

"आमचे आजोबा ऐकून होते. म्हणायचे, माझी आई चिखलात उभी होती तेव्हा दिली नाही, आता कुणाच्या कामाची ती?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच ते अधिक लागले. "तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत, ताई."

"वाटतं ते वाटतंच. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, दीनानाथ. तिच्या पश्चात त्या सज्जात मी उभी राहणार. माझ्यामागे माझी सून. हे संपायचं कसं? काय केलं म्हणजे फिटेल, ते तूच सांग."

त्याने चकतीवरचा थेंब पुसला.

"ओ द्यायची तर आधी हाक हवी," तो म्हणाला. "आणि हाक आम्ही मारणार नाही. आजोबांची शपथ आहे. तिथेच अडकलंय ते. चल, एकच राहिली."

शेवटची टोपली गाळाच्या तळ्याकाठी होती. एके काळी सोने धुऊन उरलेली माती तिथे सोडली होती. वर कधी पाणी दिसे, कधी नुसती करडी साय. आज त्यावर गारांचा थर गोठून पांढरीशुभ्र जमीन झाली होती, आणि माळ कुठे संपतो अन् तळे कुठे सुरू होते ते सांगणारी केवळ फळ्यांची वाट उरली होती. दीनानाथने आपली नारिंगी चकती काढली. त्याच्या लेकीने, ओवीने, पहिल्या पगारातून घेऊन दिलेली. तिच्यावर मागच्या बाजूला तिने मार्करने लिहिले होते, 'बाबांची. सापडल्यास परत द्या.'

त्याने नेम धरून फेकली. चकती धुक्यात शिरली, साखळ्यांच्या वरच्या पट्टीला लागून टणकन् वाजली, आणि उजवीकडे, पांढऱ्यात गेली.

"गेली," मेधा म्हणाली. "राहू दे. दुसरी घेऊ."

"ओवीची आहे ग. फळ्यांवरूनच हात पुरेल. तू गुडघा सांभाळ, इथेच थांब."

फळ्यांवर त्याच्या बुटांचा ठक ठक आवाज दूर गेला. माणूस आधी दिसेनासा झाला, मग त्याचे पिवळे जाकीट. मग आवाजही थांबला.

मेधा थांबली. वर पक्षी रडला आणि गप्प झाला. पाचाचा सुमार असेल, त्या अक्षांशावरच्या हिवाळ्यात ती दिवेलागणच होती. मग साखळ्या करकरल्या. तिला हायसे वाटले: पोचला, टोपलीशी आहे. पुन्हा करकरल्या. पुन्हा. तेव्हा तिला गालावर वारा लागला, आणि साखळ्या कोण वाजवतो आहे ते कळले.

आणि धुक्यातून, पाण्याच्या बाजूने, हाक आली.

"मेधाताईऽ!"

एकच. बारीक.

दीनानाथ हाक मारीत नाही. तीन वर्षांत मारली नाही, त्याच्या बापाने मारली नाही, आजोबांनी मारली नाही. घटकेपूर्वी त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, मारणार नाही. मग ही हाक दीनानाथची नव्हे. दिव्यांची अवस, तिन्हीसांजा, पाणी, आणि पाण्याकडून नाव घेणारा बारीक आवाज. लहानपणी पांघरुणात गुरफटून जिच्याविषयी ऐकले होते ती हाक हीच, अगदी अशीच. तिचे पाय ओट्यावर रुतल्यासारखे झाले. ओठ आपोआप मिटले. चंद्रभागाबाईंचे मिटले होते तसे, कृष्णाबाईंनी मिटायला शिकवले होते तसे. दुसरी येऊ दे, कोणीतरी तिच्या आत म्हणाले. मग तिसरी. तिसरी आली तर तो.

तिने कान दिला. धुके. टपटप. साखळ्या.

दुसरी येत नव्हती.

आणि वाट पाहता पाहता तिच्यातली जी बाई पंचवीस वर्षे माणसांचा श्वास मोजत आली होती, ती जागी झाली. बर्फासारख्या पाण्याने छाती एकदम आवळते. फुप्फुसे हवा धरीत नाहीत. अशा माणसाच्या अंगात किती हाका असतात? एक असते. फार तर दोन. तिसरी नसतेच. खाडीकाठाने इतकी वर्षे ज्यांना तिसरी हाक मारता आली नाही म्हणून माणसांतून वगळले, त्यांत किती माणसेच होती, कोण जाणे. अन्नपूर्णा होती, एवढे नक्की.

"ओऽऽ!" मेधा ओरडली. गळा चिरेल अशी ओरडली. "ओ, दीनानाथ! आले रे, आले मी!"

---

पायपुसणे आणि चकत्यांची बॅग तिने उचलली, पण फळ्यांवर ती धावली नाही. धावली असती तर दोघेही गेले असते. एका हाताने कठडा धरून, दुखऱ्या गुडघ्यावर खेकसत, पाय घाशीत ती गेली. टोपलीच्या अलीकडे, कठड्याखालून घसरल्याचा ओरखडा जिथे संपत होता तिथे, पांढऱ्या जमिनीत करडे भोक पडले होते, आणि भोकात छातीपर्यंत दीनानाथ होता. हात फळ्यांकडे पसरलेले, पण फळ्या त्याच्यापासून दोन हात लांब. तोंड उघडे होते आणि त्यातून शब्द येत नव्हता. तो उभा होता. वर येण्यासाठी पाय मारीत होता, आणि दर वेळी तळे त्याला आणखी थोडे आत घेत होते.

"पाय मारू नकोस!" तिने आज्ञा केली. "ऐकतोस? उभा राहू नकोस. आडवा हो. पाठीवर."

त्याने मान हलवली. नाही. माणसाला ते पटत नाहीच.

"दीनानाथ! माझ्याकडे बघ. आमच्या घरात प्रत्येक पोराला हे शिकवलंय. तुझ्या पणजीच्या पायी शिकवलंय. आडवा हो म्हणते ना!"

त्याने डोळे मिटले आणि पाठ टाकली.

मेधा फळ्यांवर पालथी झाली. बर्फाचे पाणी तिच्या कोटातून, स्वेटरमधून पोटापर्यंत आले. तिने पाय कठड्याच्या खांबात अडकवले, रबरी पायपुसणे त्या पांढऱ्या सायीवरून त्याच्या खांद्यामागे सरकवले. "त्याच्यावर कोपर टाक. भार दे." मग बॅगेचा लांब पट्टा सोडवून फेकला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा त्याच्या मनगटावर पडला, पण बोटे वळत नव्हती. तिसऱ्यांदा तिने पट्ट्याचा फास केला, आणि त्याने तो दातांनी ओढून हातात चढवला.

"आता ओढू नकोस. मी धरलंय. एक पाय हळूहळू सोडव, रांगोळी पुसल्यासारखा. दीनानाथ!"

त्याचे डोळे फिरू लागले होते.

"दीनानाथ!" तीच हाक, जी ती रोज मारी. "ओ दे! मला ओ दे!"

"...ओ," तो पुटपुटला.

"दुसरा पाय. दीनानाथ!"

"ओ."

असे किती वेळ चालले, ते दोघांनाही पुढे सांगता आले नाही. ती नाव घेई, तो ओ देई, आणि प्रत्येक ओबरोबर तळे त्याला बोटभर सोडी. खाली तो गाळ शेवटपर्यंत चोखत होता, जिभेने टाळू चोखावा तसा आवाज करीत. एक बूट त्याने ठेवून घेतला. दुसरा पाय निघाला तेव्हा दीनानाथ एखाद्या लाकडासारखा फळ्यांवर आला, आणि मेधाने त्याची कॉलर धरून त्याला भोकापासून लांब ओढत नेले. मागे भोकावर पाणी हळूच जुळले आणि स्थिर झाले. नारिंगी चकती भोकाच्या कडेला, फळीपासून वीतभर अंतरावर, गाळाचा थेंबही न लागता पडली होती.

---

मोटारीत हीटर पूर्ण सोडून, त्याला डिकीतले जादा कोरडे कपडे आणि मागच्या सीटवरची चादर गुंडाळून, मेधाने आधी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती निघाली होती. मग तिने त्याची नाडी पाहिली, पुन्हा पाहिली.

"ताई," तो म्हणाला. दात वाजत होते. "मी एकदाच मारली. दुसरीला दमच नव्हता."

"माहीत आहे."

"मला वाटलं, तू तिसरीची वाट बघशील."

"बघत होते," मेधा म्हणाली. तिने लपवले नाही. "थोडा वेळ बघत होते."

चादरीतून त्याने गाळाने भरलेला हात बाहेर काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

फोन वाजला. सुनीतीबाई. पुण्यात दुपार होती, समया चिंचेच्या पाण्यात भिजत घातल्या असतील.

"काय ग, परतलात ना? माझा मेला डावा डोळा सकाळपासून..."

"आई, दीनानाथ चिखलात गेला होता. काढला मी. जिवंत आहे, इथेच आहे."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचे ऐकू आले.

"कसं कळलं तुला?"

"त्याने हाक मारली."

"त्याने? हाक मारली त्याने? आणि तू? कितव्या हाकेला ओ दिलीस?"

"पहिल्या."

मेधाला वाटले, आता रागावेल. चार बायकांनी सांभाळलेला नियम तिने अवसेच्या दिवशी, पाण्याच्या काठी मोडला होता.

"त्याला दे फोन," सुनीतीबाई म्हणाल्या.

मेधाने फोन त्याच्या कानाशी धरला. "काकू," तो म्हणाला.

"कोण बोलतंय?"

"धाकट्या पातीचा दीनानाथ. अन्नपूर्णाबाईंचा पणतू."

"हाक मारलीस, बाळा?"

"मारली, काकू. आजोबांची शपथ मोडली."

"आमच्या घरातून ओ आली?"

"आली."

"वेळेत आली?"

"वेळेत आली, काकू."

"मग आज दिवे लावीन," सुनीतीबाई म्हणाल्या, "आणि आत येऊन बसेन. सज्जात उभं राहायचं कारण उरलं का काही? तूच सांग. तुझ्याच तोंडून ऐकायचंय मला."

दीनानाथने डोळे मिटले. बाहेर, धुक्याच्या तळाशी, रुग्णवाहिकेचे निळे दिवे वळण घेत होते.

"नाही, काकू," तो म्हणाला. "फिटलं. आता काही बाकी नाही."